कटरच्या चार पिना आणि देवगडचं खारं वारं

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर देवगडजवळ जामसंड्याच्या वरच्या सड्यावर (जांभ्याच्या माळावर) एका बागेचं काम घेतलं होतं, जुनं सोलर म्हणजे झटक्याचं कुंपण काढायचं आणि नवीन घालायचं, खांब १४० आणि प्रत्येक खांबाला पाच तारा. वानर आणि रानडुक्कर दोन्हीसाठी असलं की पाच तारा लागतातच. आता कुंपण घालणं एकवेळ परवडलं पण काढणं म्हणजे नुसता ताप, प्रत्येक खांबावरची बाइंडिंग वायर तोडा, इन्सुलेटर सोडवा, मग मोकळी झालेली तार भंगारवाल्याच्या टेम्पोत मावेल अशी कंबरेएवढी तोडत बसा. दोन दिवसांत हजारेक तरी तुकडे केले असतील, सगळे एकाच आठ इंची साईड कटरने. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलायला गेलो आणि कोपरातून अशी कळ आली की कप परत खालीच ठेवला. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. आमच्या वाडीत टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट, त्यात पण मी अंपायर असतो.

तर तिथून हे कटरचं वेड लागलं. कंपाउंड लिव्हरेजवाला कटर म्हणजे दिसायला पक्कडीएवढाच पण आतून बोल्ट कटरसारखा, हे मी व्हिडिओत बघितलं होतं पण हातात कधी घेतलं नव्हतं. एक घेतला क्निपेक्स या जर्मन कंपनीचा कोबोल्ट, २०० मिमीचा, पुण्याचा आतेभाऊ दिवाळीला येणार होता त्याच्याकडून मागवला. दुसरा ऑनलाइन स्वस्तातला, त्याच मापाचा, लाल मुठीचा, नाव सांगत नाही कारण तोच माल पाच वेगवेगळ्या नावांनी विकतात. तिसरा माझा जुना साईड कटर, ज्याने कोपर घालवला. आणि मोठा १८ इंची बोल्ट कटर आधीपासून होताच. वर्ष झालं आता, एक अख्खा पावसाळा पण गेला, म्हणून म्हटलं लिहू.

कोबोल्टची किंमत बाबांना सांगायची नाय असं ठरवलं होतं पण आतेभावाने जेवताना सांगून टाकली. बाबा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "पक्कडीक इतके पैशे? ह्या पैशात बकरो इलो आसतो रे." मग आई म्हणाली बोकड खाऊन संपतो, हत्यार राहतं, तेव्हा कुठे घास तोंडात गेला.

आता हे चालतं कसं ते सांगतो कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात अडकित्ता असतो. आजी सुपारी कातरताना बघितली असेल, सुपारी कधी पात्याच्या टोकाला धरणार नाही, खिळीच्या जेवढी जवळ सरकवता येईल तेवढी सरकवणार, कारण तिथे कमी जोरात काम होतं. साधा साईड कटर म्हणजे हाच अडकित्ता, एक खीळ, एक तरफ. मूठ जेवढी लांब आणि तार खिळीच्या जेवढी जवळ तेवढा तुमचा जोर वाढून पात्यावर जाणार, आठ इंची कटरला साधारण सहा-सात पट धरा. जास्त हवा असेल तर मूठ लांब करायची, म्हणूनच बोल्ट कटर दीड-दोन फुटांचे असतात. कंपाउंडमध्ये मूठ लांब न करता मध्ये अजून एक तरफ घालतात. जांभ्याचा मोठा दगड हलवताना पहारीला जोर पुरेना तर आपण काय करतो, त्या पहारीच्या टोकाला दुसरी पहार लावून तिला दाबतो, अगदी तेच. मुठी एका जोडीच्या पिनांवर फिरतात, त्या जबड्यांच्या मागच्या टोकांना ढकलतात, जबडे त्यांच्या पिनेवर फिरतात, पहिल्याचं गुणिले दुसऱ्याचं. क्निपेक्सवाले कोबोल्टसाठी हाताच्या जोराच्या २० पटीपर्यंत असं सांगतात.

पण फुकट काही मिळत नाही. जोर वाढला तेवढं अंतर घटलं. मूठ भरपूर मिटवायची तेव्हा जबडा जरासा मिटतो, म्हणजे मुठी उघडतात खूप आणि तोंड उघडतं थोडं. माझा हात मोठा आहे तरी पूर्ण उघडलेला कटर एका हातात धरताना बोटं ताणावी लागतात, आणि माझ्याबरोबर येतो तो पोरगा, त्याचा हात लहान, तो सुरुवात दोन हातांनी करतो आणि तार जरा चावली गेली की मग एका हाताने संपवतो. दुकानात घेणार असाल तर नुसता मिटून बघू नका, पूर्ण उघडून एका हातात मावतो का ते बघा.

आता टेस्ट. आमच्या खळ्यात बाथरूममधला वजनकाटा आणून ठेवला (बायकोचा, तिला न विचारता), त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कटरची एक मूठ, आणि वरची मूठ तळहाताने सावकाश दाबत न्यायची, तार तुटते त्या क्षणी काट्यावर किती किलो दिसतात ते पोरग्याने वाचायचं. अगदी शास्त्रीय नाही हे मलाही कळतं, एकच तार तीनदा तोडली तर दोन-तीन किलो इकडेतिकडे होतच होतं. पण तुलना करायला पुरतं.

१२ गेजची साधी जीआय (जस्त चढवलेली) तार, म्हणजे साधारण २.६ मिमी, जुन्या साईड कटरला पंचवीस ते तीस किलो लागत होते. कोबोल्टला दहाच्या आसपास आणि गंमत म्हणजे लाल मुठीवाल्याला पण बारा-तेराच. मी काट्याकडे बघतच राहिलो, म्हटलं मग बोकड कुठे गेला? ८ गेजची, चार मिमीची तार घेतली, साईड कटरवर मी जवळजवळ पूर्ण अंगाचा भार टाकला, तार नुसती चेपली. दोन्ही कंपाउंडनी पंचविशीच्या अलीकडेपलीकडे तोडली. म्हणजे तरफेचं गणित स्वस्तातल्याला पण तेच लागू पडतं, भूमितीला ब्रँड कळत नाही.

माणसाची मूठ दाबायची ताकद धडधाकट गड्याची चाळीस-पन्नास किलो धरा, पण ती एकदा. त्यातली निम्मी-अर्धी दर वेळी खर्च करायची आणि असं दिवसाला पाचशे वेळा, मग कोपर बोलणारच. मला इथे खरी गोष्ट कळली, कटर किती जाड तार तोडतो याला रोजच्या कामात फार अर्थ नाही, जी तार तू रोज तोडतोस ती किती कमी जोरात तुटते ते बघ. बॉक्सवर मात्र सगळे जाडीच छापतात.

आणि जाडी पण कशी छापतात ते बघा. कोबोल्टच्या माहितीत चार आकडे आहेत, नरम तार ६ मिमी, मध्यम कडक ५.२, कडक ४ आणि पियानो वायर (सगळ्यात कडक, स्प्रिंगसारखी तार) ३.६. एकाच हत्याराचे चार आकडे, कारण तार जेवढी कडक तेवढी बारीकच तुटणार. लाल मुठीच्या बॉक्सवर एकच, "८ मिमी". कशाची ८ मिमी? दोडक्याची? मी तरी पण मोहात पडलो, ८ सोडा, ६ मिमीचा टीएमटी (स्लॅबमध्ये घालतात त्या) सळीचा तुकडा घेतला आणि दोन्ही हातांनी दाबला. सळी तुटली नाही, पात्यावर मात्र तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला, उजेडासमोर धरला तर मिटलेल्या पात्यातून पलीकडची तुळस दिसते. कोबोल्टवर ही सळी मी टाकलीच नाही, ६ चा आकडा नरम तारेचा आहे आणि टीएमटी नरम नाही, त्याला १८ इंची बाहेर काढायचा. एवढं वाचता आलं की निम्मे कटर वाचतात.

मग कानस आणली. जुनी चांगली कानस असेल तर तिने स्टीलचा कडकपणा घरच्या घरी कळतो, पात्याच्या धारेच्या मागच्या टोकाला हलकेच एक ओढ मारायची, धरली आणि बारीक चुरा पडला तर स्टील नरम, काचेवरून सरकावी तशी घसरली तर कडक. लाल मुठीवाल्यावर कानस धरली. कोबोल्टवर घसरली, त्याच्या पात्याचा कडकपणा कंपनी अंदाजे ६४ एचआरसी (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) सांगते आणि कानस पण त्याच सुमाराची असते त्यामुळे घसरणारच. म्हणजे बोकड गेला कुठे ते कळलं, तरफेत नाही, पात्यात गेला.

सोलर कुंपणाच्या तारेवर हे लगेच दिसतं. ती एचटी तार असते, हाय टेन्साइल, अडीच मिमीच पण साध्या जीआयपेक्षा कितीतरी कडक. जुन्या साईड कटरची धार तिनेच घालवली, वीस-पंचवीस ठिकाणी अर्धगोल दात पडलेत, आता तो करवतीसारखा दिसतो. लाल मुठीवाल्याने सुरुवातीला ही तार छान तोडली, साधारण शंभराच्या पुढे गेल्यावर पाती एकमेकांवर नीट बसेनाशी झाली, तार तुटायच्या ऐवजी चेपून दोन पात्यांच्या मध्ये शिरायला लागली आणि मग हलवून हलवून मोडावी लागायची. कोबोल्टने या वर्षात अशी चार कुंपणं काढलीत, धारेवर नख फिरवलं तर अजून कुठे अडकत नाही.

या तारेबद्दल एक सांगायचं राहिलं, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. एक म्हणजे एनर्जायझर, तारेत झटका सोडणारी पेटी, बंद करा, नुसता बंद नाही, तारेचं कनेक्शन काढा. सेकंदा-सव्वा सेकंदाने काही हजार व्होल्टचा झटका येतो, मरत नाही माणूस सहसा पण शिडीवरून पडतो. कटरच्या मुठीवरचं प्लास्टिक बघून फसू नका, ते पकडीसाठी असतं. ज्या हत्यारावर १००० व्होल्टची खूण आणि आयईसी ६०९०० (चालू लाइनवरच्या हत्यारांचं मानक) लिहिलेलं असतं तेवढंच चालू लाइनजवळ न्यायचं, बाकी सगळं उघडं लोखंड समजायचं. आणि दुसरं, ताणलेली तार. साध्या कटरने तोडताना आपल्याला अंदाज येतो, हाताला कळतं आता तुटणार. कंपाउंडमध्ये जोरच लागत नाही त्यामुळे तार कधी तुटली ते कळतच नाही आणि तोपर्यंत ती सापासारखी उलटी आलेली असते. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब पांढरी रेघ आहे ती त्याचीच. आता आधी टेन्शनर (तार ताणून धरणारा) सैल करतो, नाहीतर दोन्ही बाजू पायाखाली आणि पोरग्याच्या हातात, डोळ्यांवर गॉगल. खिळ्याचं डोकं उडवताना तर गॉगल पाहिजेच, तीन इंची खिळ्याचं डोकं कौलावर जाऊन आपटलं ते आजून मिळालं नाय.

बाकीच्या वस्तूंवर फार लिहीत नाही. सायकलचा स्पोक, बाइकची क्लच केबल, बादलीची कडी, सगळं दोन्हींनी तुटतं. देवगड बंदरावर एका ट्रॉलरवाल्याने वायर रोप दिली तोडायला, मासेमारी बंदीचे दिवस होते जून-जुलैचे, सगळे दुरुस्तीला बसलेले. कंपाउंड कटरने वायर रोप तोडू नका, सरळ पात्यात दोर चपटा होतो, बाहेरचे पदर आधी तुटतात आणि टोक केरसुणीसारखं फुटतं, मग ते थिंबलमधून (दोराच्या फासातली लोखंडी कडी) ओवायचं म्हणजे वैताग. त्याला गोल पात्याचा केबल कटरच लागतो जो चहूबाजूंनी दाबतो. ट्रॉलरवाला म्हणाला "ठेव तां, माझी छिनी बरी." छिनीने पण फुटलंच, पण त्याची छिनी म्हणून मी गप्प.

आणि कुलूप. शेजारच्या काकींच्या माडीच्या कुलुपाची चावी हरवली, कटर घेतल्याची बातमी वाडीभर झालीच होती, "तां कुलूप तोडून दी मरे." कडीवर हार्डन्ड लिहिलेलं असेल तर हात लावू नका, ती कडी जवळजवळ पात्याएवढी कडक असू शकते, पातं फुटू शकतं. काकींना सरळ सांगितलं कोयंडा काढून देतो. स्क्रू होते चार, ते पण गंजलेले, अर्धा तास गेला. काकी अजून म्हणतात एवढा महाग कटर आणि कुलूप तुटत नाही.

आता मूळ मुद्दा ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. तुम्ही बघता ते सगळे व्हिडिओ कोरड्या हवेतले असतात. आमच्याकडे वारं खारं, एप्रिलनंतर समुद्रावरून वारा सुटला की खिडकीच्या गजावर जीभ लावली तर मीठ लागेल. साध्या पक्कडीला एक पिन असते. माझी टपारियाची पक्कड बारा वर्षांची आहे, नाशिकची, गंजून घट्ट झाली की डिझेलमध्ये बुडवायची, दोनदा उघडझाप, परत चालू. कंपाउंडला चार पिना, शिवाय तरफा एकमेकांवर घासतात ते सांधे, शिवाय स्प्रिंग असली तर ती वेगळी. म्हणजे मीठ शिरायला चौपट जागा. आणि तरफेचा सगळा फायदा या पिनांवरूनच जातो, एक जरी घट्ट झाली तर तुम्ही वाचवलेले पंधरा किलो त्या गंजावर खर्च करणार, तार बाजूलाच.

लाल मुठीवाला मी जुलैमध्ये बाइकच्या डिकीत विसरलो. मुद्दाम नाही, खरंच विसरलो, पाऊसच असा लागला की कामं बंद. गणपतीच्या मखराची तार तोडायला म्हणून काढला तर उघडेचना. डिझेलमध्ये रात्रभर ठेवला, हातोडीने हलके ठोकून उघडला, आणि उघडल्यावर दुसरीच गंमत, पिनांची भोकं गंजून मोठी झालेली, जबडे बोटाने डावीउजवीकडे हलतात. कंपाउंडमध्ये पिनेला हलका जरी ढिलेपणा आला तरी चार पिनांचा मिळून पात्यावर केवढा होतो बघा, तार मिटलेल्या पात्यांच्या मध्ये आडवी जाऊन बसते. बारीक बाइंडिंग वायर तर तुटतच नाही, नुसती वाकते. चार मिमीची तोडणारा कटर आणि सव्वा मिमीची तुटत नाही, हे ज्याने बघितलं नाही त्याला पटणार नाही.

कोबोल्ट त्याच पावसात घरात होता तरी काळ्या तोंडावर लाल ठिपके आलेच, स्टेनलेस नाही, इथे येणारच, दोष हवेचा आणि माझ्या आळसाचा. आता काम झालं की गोड्या पाण्याने धुतो (हो, धुतो, मीठ तेलाने जात नाही, पाण्याने जातं), फडक्याने पुसून उन्हात नाहीतर चुलीजवळ सुकवतो आणि प्रत्येक पिनेत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, चारपाच वेळा उघडझाप. पावसाळ्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. खोबरेल लावू नका. आमच्याकडे केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेलच लावतात, पण ते दिवस गेले की चिकट होतं, त्यात सड्यावरची लाल धूळ बसते आणि पिनेत मलम तयार होतं.

मग १८ इंची मोठा विकू का असं एकाने विचारलं. नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा पत्रे, केबल, कुंपण, माड सगळं एकमेकांत अडकलेलं, त्या वेळी त्यानेच रस्ता मोकळा केला. पण त्याला दोन्ही हात लागतात, त्यामुळे जमिनीवर राजा आणि शिडीवर बिनकामाचा. शिडीवर एक हात खांबाला असतो, तिथे कोबोल्ट. वायरिंगच्या कामात मात्र मी तो काढतच नाही, तांब्याच्या तारेला एवढा जोर कशाला, वर तोंड बोथट, जंक्शन बॉक्समध्ये शिरत नाही, केबल टाय तोडला तर टोक बाहेर राहतं आणि पुढच्या वेळी तेच बोटात घुसतं. तिथे साधा छोटा साईड कटर. आणि कटरने तार पिळता येत नाही, त्यामुळे पक्कड खिशात असतेच. म्हणजे एक हत्यार घेतलं म्हणून पिशवी हलकी झाली असं काय झालं नाही, उलट एक वाढलं. कोपर मात्र परत दुखला नाही, या दिवाळीत पोयऱ्यात ११० खांबांचं काम केलं, तिसऱ्या दिवशी चहा स्वतःच्या हाताने प्यायलो.

लाल मुठीवाला भंगारात टाकणार होतो. आईने थांबवला. एक दिवस इथल्याच मुंबरीच्या खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे) आणल्या होत्या, मोठ्या, डेंगे म्हणजे नांग्या फोडायला वरवंटा घेतला की रस्सा सगळा ओट्यावर, म्हणून तिने तो कटर गरम पाण्याने साबण लावून तीनदा घासला आणि एक डेंगा मध्ये धरून हलकेच दाबला. कच्च करून कवच फुटलं आणि आतलं मांस अख्खं. पात्याला खड्डा पडलाय त्यात डेंग्याची गोलाई बरोबर बसते. "ह्यां बरां आसा," म्हणाली आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिला. त्याला आता खोबरेलच लावतो.